रंगीत बाऊल कुणी घडवला? आधी बूड बघा

जाड काचेचा एक बाऊल डोळ्यांसमोर आणा. पोटात गर्द निळा रंग, त्याभोवती मधाळ पिवळा थर, सगळ्यात बाहेर बिनरंगाची स्वच्छ काच आणि काठाला तीन ठिकाणी ओढून काढलेली टोकं. असा बाऊल कर्जतमधल्या जुन्या घरात काचेच्या कपाटाच्या वरच्या खणात सापडतो, किंवा खालापूरकडच्या एखाद्या फार्महाउसवर मालकांनी मुंबईच्या चोरबाजारातून आणून ठेवलेला असतो. कुठला म्हणून विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा एकच मिळतं: बेल्जियमचा. आपल्याकडे जुना आरसा बेल्जियमचा असतो, हंडी बेल्जियमची असते, मग बाऊल तरी दुसरीकडचा कसा असेल? बेल्जियमच्या सपाट काचेचा आणि आरशांचा एके काळी इतका बोलबाला होता की तो देश म्हणजे चांगल्या काचेचं प्रमाणपत्रच होऊन बसला.

बाऊल उलटा करून पाहिला तर ना शिक्का, ना सही, ना चिठ्ठी. मग तो कुणी घडवला हे कळणार कसं?

कळू शकतं, पण नेहमीच कारखान्याच्या नावापर्यंत पोचता येत नाही. पुष्कळदा देश आणि वीसेक वर्षांचा काळ एवढंच हाती लागतं. माझ्या मते ते अर्धवट उत्तर नाही. नीट तपासून काढलेलं असेल तर ते पूर्ण उत्तर आहे. चूक होते ती सुरुवातीलाच. आपण आधी रंग बघतो, मग आकार, आणि बुडाकडे शेवटी नजर जाते, गेली तर. तपासणीचा क्रम नेमका उलटा हवा.

हा माल या भागात कसा आला

तपासणीआधी थोडा भूगोल, कारण संशयितांची यादी त्यातूनच तयार होते.

मुंबईहून निघालेली रेल्वे १८५६ साली भोर घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ साली घाट चढून वर गेली. मुंबई बंदरात उतरणाऱ्या विलायती मालाची वाट त्यामुळे कर्जतवरून जाऊ लागली. त्याआधीच, १८५० साली, ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानचा डोंगर इंग्रजांच्या नजरेत आणून दिला होता. पुढे तिथे इंग्रज अधिकाऱ्यांचे आणि मुंबईतल्या पारशी, बोहरी व इतर धनिकांचे बंगले उभे राहिले. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली, पण त्याआधीची पन्नासेक वर्षं बंगल्यातली प्रत्येक काचेची वस्तू माणसांनी किंवा घोड्यांनीच वर नेली. बंगले विकले गेले, वाटण्या झाल्या, की असं सामान खाली नेरळ-कर्जतकडे उतरतं किंवा मुंबईच्या जुन्या बाजारात जातं.

पहिल्या महायुद्धापर्यंत भारतात येणाऱ्या काचेच्या मालात ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचा वाटा मोठा होता. त्यातला बोहेमिया हा भाग म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिमेकडचा मोठा भाग. तिथल्या याब्लोनेत्सच्या परिसरातून बांगड्या आणि मणी आपल्याकडे येत. युद्धात ती वाट बंद झाली आणि ती जागा जपानी मालानं घेतली.

देशी कारखानेही होते, आणि त्यातला एक तर घाट चढून गेलं की लगेचच होता. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एकेक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिलं आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना निघाला. परदेशात काचेचं शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो उभा केला. कराडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंचा कारखाना १९१६ साली सुरू झाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर पोचला. उत्तरेत फिरोजाबाद तर काचेचंच गाव. तेव्हा जुना रंगीत बाऊल दिसला की युरोपाकडेच पाहायचं कारण नाही. मात्र तळेगाव आणि ओगलेवाडी यांची ख्याती रोजच्या वापराच्या काचेसाठी होती. शोभेचा थरांचा बाऊल तिथला आहे असं म्हणायचं तर तसा ठोस पुरावा हवा. स्वदेशीच्या अभिमानापोटी नाव चिकटवणं आणि बेल्जियमचं चिकटवणं, दोन्हींत फरक नाही.

बुडावरची खूण

आता बाऊल उलटा करा. खाली जाड टॉवेल घाला आणि अंगठ्या काढून ठेवा.

हातानं फुंकलेली काच कशी घडते ते कळलं की बूड वाचता येतं. भट्टीत साधारण ११०० अंशांच्या पुढे तापलेली काच घट्ट मधासारखी असते. कारागीर लोखंडी फुंकणीचं टोक त्यात फिरवून गोळा उचलतो, लोखंडी पाट्यावर लोळवून त्याला सारखा करतो आणि फुंकून फुगवतो. दुसऱ्या रंगाचा थर हवा असेल तर तोच गोळा दुसऱ्या रंगाच्या काचेत बुडवतो. इथपर्यंत वस्तू फुंकणीला चिकटलेली असते, आणि चिकटलेली असते ती नेमकी तोंडाच्या बाजूनं. पण बाऊलचं तोंड तर उघडायचं आहे, काठ ओढायचा आहे. म्हणून दुसरा कारागीर एका लोखंडी दांड्याच्या टोकावर गरम काचेचा थेंब घेऊन तो बुडाच्या मधोमध चिकटवतो. या दांड्याला पाँटिल म्हणतात. मग फुंकणी तोडली जाते, वस्तू दांड्यावर तोललेली राहते, तोंड पुन्हा तापवून हवं तसं उघडलं जातं. शेवटी हलका ठोका देऊन दांडा सोडवतात. जिथून तो सुटतो तिथे बुडावर व्रण राहतो. नाळ तोडल्यावर बेंबी राहते तसाच हा प्रकार आहे, आणि प्रत्येक कारखाना या बेंबीचं पुढे काय करतो यातून बरंच कळतं.

काही ठिकाणी व्रण तसाच खरबरीत सोडतात; बोट फिरवलं तर टोचतो. चांगल्या मालाचा व्रण चाकावर घासून काढतात, तिथे नाण्याएवढी गुळगुळीत, किंचित खोलगट गोल खळगी दिसते. काही कारखाने अख्खं बूडच सपाट घासून त्याला झिलई देतात, मग खळगी उरतच नाही. तीन टोकांच्या आपल्या बाऊलच्या बुडाला अशी घासलेली खळगी आहे असं धरून चालू. म्हणजे तो हातानं घडवलेला आहे आणि घडवणाऱ्यानं शेवटच्या सफाईवर वेळ खर्च केला आहे.

आता खळगीभोवती जिथे बाऊल टेबलावर टेकतो त्या कड्याकडे बघा. सोनाराकडचं दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर उत्तमच. वर्षानुवर्षं सरकवलेल्या, पुसलेल्या वस्तूच्या या कड्यावर बारीक ओरखडे असतात. काही लांब, काही आखूड, सगळ्या दिशांना गेलेले. टेकणाऱ्या भागावर दाट आणि आत जाताना विरळ. जुनेपणाचं सोंग आणण्यासाठी सँडपेपर मारला असेल तर ओरखडे एकाच जाडीचे, एकाच दिशेचे, आणि जिथे बाऊल टेकतच नाही अशा जागीही दिसतात. रंगावरून जे कधीच समजणार नाही ते या कड्यावरून समजतं.

साच्यातला माल आणि त्यावरची अक्षरं

बुडावर खळगी नसेल आणि बाऊलच्या अंगावर वरपासून खालपर्यंत जाणारी बारीक उंचवट्याची रेघ दिसत असेल, तर वस्तू साच्यात दाबून केलेली आहे. लोखंडी साच्यात वितळलेली काच ओतायची आणि वरून दट्ट्या दाबायचा. हे तंत्र अमेरिकेत १८२०च्या दशकात रूढ झालं. साच्याचे दोन, तीन, चार भाग जिथे जुळतात तिथे रेघा उमटतात. बाऊलची आतली बाजू बहुतेक वेळा गुळगुळीत असते आणि नक्षी बाहेर असते, कारण आतली बाजू दट्ट्यानं घडते.

साच्यातल्या मालावर नाव सापडण्याची शक्यता जास्त, कारण साच्यात एकदा खूण कोरली की प्रत्येक वस्तूवर ती आपोआप येते. इंग्लंडमधल्या गेट्सहेडच्या सॉवर्बी कंपनीची खूण म्हणजे मोराचं डोकं. ती १८७६ पासून दिसते. अमेरिकेतल्या नॉर्थवूडची खूण म्हणजे वर्तुळातलं, खाली रेघ दिलेलं इंग्रजी ‘एन’. ब्रिटिश मालावर १८४२ ते १८८३ या काळात चौकटच्या आकाराची नोंदणी-खूण येते. तिच्या माथ्यावरच्या गोलात रोमन तीनचा आकडा असेल तर वस्तू काचेच्या वर्गात नोंदलेली आहे. १८८४ पासून चौकट गेली आणि ‘आर डी’ या इंग्रजी अक्षरांपुढे सरळ क्रमांक आला. तो क्रमांक १ पासून सुरू झाला आणि १९०० साली साडेतीन लाखांच्या घरात पोचला. क्रमांक वाचता आला तर नक्षी कोणत्या साली नोंदली गेली हे जवळपास नेमकं सांगता येतं.

आपल्याकडच्या घरांत याच जातीतला एक प्रकार बऱ्याचदा दिसतो: नारिंगी-सोनेरी चमक असलेले ग्लास, फुलदाण्या आणि बाऊल. याला कार्निव्हल काच म्हणतात. अमेरिकेत फेंटन कंपनीनं १९०८च्या सुमारास ती बाजारात आणली. साच्यातून काढलेल्या गरम वस्तूवर धातूंच्या क्षारांचा फवारा मारायचा, की पृष्ठभागावर अतिशय पातळ थर बसतो आणि प्रकाश त्यावर तेलाच्या तवंगावर खेळतो तसा खेळतो. खरा रंग आतल्या काचेचा असतो आणि तो पाहायचा तर बूड उजेडासमोर धरा, कारण तिथे फवारा नीट पोचलेला नसतो. हा माल बाहेरचाच असणार असं आपण गृहीत धरतो, पण फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सनं तो भरपूर केला आणि त्यातल्या कितीतरी वस्तूंवर इंग्रजी अक्षरांत ‘जैन’ असं साच्यातूनच उठवलेलं असतं. आज परदेशातले संग्राहक ही भारतीय कार्निव्हल काच आवर्जून शोधतात. आपण मात्र ती चहाचे ग्लास म्हणून वापरून फोडली, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

साच्याच्या मालात एक अडचण आहे. कारखाना बंद पडला की साचे विकले जातात. अमेरिकेतली इंपीरियल कंपनी १९८४ साली बंद झाली आणि तिचे साचे अनेकांनी घेतले. त्यामुळे नक्षी जुनी, साचा जुना, पण वस्तू नवी असं होऊ शकतं. फेंटननं यावर चांगला तोडगा काढला: १९७० पासून कार्निव्हल मालावर लंबगोलात आपलं नाव टाकायला सुरुवात केली आणि पुढे १९८०च्या दशकात त्यात ८ आणि १९९०च्या दशकात ९ हा आकडा घातला.

बादली, काटा आणि जाळीची पिशवी

कुठलाही शिक्का नसलेल्या बाऊलबद्दल घरच्या घरी करता येण्यासारखी सर्वांत उपयोगी चाचणी म्हणजे घनता मोजणं. साधी काच म्हणजे वाळू, सोडा आणि चुनखडी. तिची घनता पाण्याच्या सुमारे अडीचपट असते. ‘क्रिस्टल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या उंची मालात शिशाचं ऑक्साइड मिसळलेलं असतं. युरोपातल्या १९६९च्या नियमानुसार २४ टक्के शिशाचं ऑक्साइड असलेल्या काचेची घनता निदान २.९ आणि ३० टक्क्यांच्या काचेची निदान ३ असावी लागते.

कोरडा बाऊल आधी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. आपला बाऊल १,६८० ग्रॅम भरला असं समजू. मग दहा किलोपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्यानं भरलेलं खोल भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. बाऊल भाजीच्या जाळीच्या पिशवीत घालून पिशवी हातात धरून पाण्यात पूर्ण बुडवा. तो तळाला किंवा कडेला टेकता कामा नये, आणि आत हवा अडकू नये म्हणून तिरका करून सोडा. काटा आता जितके ग्रॅम दाखवेल तितके मिलिलिटर बाऊलचं आकारमान. समजा ६७२ आले. १,६८० भागिले ६७२ म्हणजे बरोबर २.५. काच साधी, सोड्याची. हाच बाऊल शिशाच्या क्रिस्टलचा असता तर ६७२च्या जागी ५६० ते ५८० असा आकडा आला असता.

या एका आकड्यानं संशयितांची यादी निम्मी होते. बेल्जियममध्ये शोभेच्या रंगीत बाऊलसाठी नावाजलेला कारखाना म्हणजे व्हाल सँ लाँबेर, १८२६ साली सुरू झालेला, आणि त्याचं नाव झालं ते शिशाच्या क्रिस्टलसाठी. फ्रान्सच्या डोम कंपनीनं दुसऱ्या महायुद्धानंतर ओढलेल्या टोकांचे जे जाड बाऊल केले तेही शिशाच्या क्रिस्टलचे. आपला बाऊल सोड्याचा निघाल्यावर हे दोघेही मागे पडतात.

बाऊलला तडा असेल किंवा तो जोडलेला असेल तर ही चाचणी करू नका. आणि तुमचा बाऊल शिशाचा निघाला तर तो शोभेलाच ठेवा. लोणचं, लिंबाचं सरबत, आमसुलाचं सार अशा आंबट पदार्थांत शिसं हळूहळू उतरतं.

रंगावर भिस्त नको

निळा रंग कोबाल्टचा. हिरवा लोखंडाचा किंवा क्रोमियमचा; गोळीसोड्याच्या बाटलीची हिरवट झाक वाळूतल्या लोखंडामुळेच येते. जांभळा मँगेनीजचा. लाल मात्र तीन वाटांनी येतो: तांबं, सेलेनियम किंवा चक्क सोनं. सतराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत योहान कुंकेल सोन्याचा लाल रंग पद्धतशीर करू लागला. त्यातली गंमत अशी की काच थंड होते तेव्हा रंग जवळजवळ नसतोच. पुन्हा तापवली की विरघळलेलं सोनं अतिसूक्ष्म कणांत गोळा होतं आणि काच लाल होते. सेलेनियमचा लाल १८९०च्या दशकानंतरचा, त्यामुळे तो १८५०च्या बंगल्याबरोबर आलेला असू शकत नाही.

एवढं कळलं तरी कारखाना कळत नाही, कारण ही रसायनं सगळ्यांनाच विकत मिळत होती. भट्टीतले कारागीर गावं बदलत आणि कृती सोबत नेत. एकसारखा निळा मुरानोत, बोहेमियात, फिरोजाबादेत आणि चीनमध्ये होतो. रंग वस्तू ‘कधीच्या नंतरची’ हे सांगू शकतो, ‘कुणाची’ हे क्वचितच.

यातला अपवाद वाटावा असा एक रंग आहे, फिका गुलाबी-जांभळा, जो दिवसाच्या उजेडात लिलाकसारखा आणि ट्यूबलाइटखाली निळसर दिसतो. तो निओडिमियम या धातूमुळे येतो. कार्लोव्ही व्हारीच्या मोझर कंपनीनं १९२०च्या दशकात तो अलेक्झांड्राइट या नावानं गाजवला. पण त्यानंतर इतरांनीही तो केला, म्हणजे पुन्हा तेच.

नोटा तपासायच्या निळ्या-जांभळ्या टॉर्चखाली पिवळट-हिरवी काच लख्ख हिरवी उजळली तर तिच्यात युरेनियम आहे. घाबरायचं कारण नाही. कपाटात ठेवायला हरकत नसते, फक्त घासू-तासू नका आणि खाण्यासाठी वापरू नका. बोहेमियात योसेफ रीडेल यांनी १८३०च्या दशकात ही काच लोकप्रिय केली आणि बायकोच्या, आनाच्या, नावावरून तिच्या छटांना नावं दिली. पुढे अनेक देशांनी ती केली. मँगेनीज असलेली जुनी काचही टॉर्चखाली हलकी हिरवट दिसते, पण तिची झळाळी मंद असते.

कर्जत-माथेरानच्या पावसाचा या बाबतीत वेगळा इशारा द्यायला हवा. चार महिने बंद घरात, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या काचेवर ओल धरते. ओलीनं काचेतला सोडा बाहेर खेचला जातो आणि पृष्ठभागावर पांढुरकी झाक येते, कधी तिच्यात पुसट इंद्रधनुषी रंग दिसतात. ते पाहून वस्तू ‘आर्ट ग्लास’ म्हणून विकली जाते. कारखान्यात दिलेली चमक सगळीकडे सारखी पसरलेली असते. ओलीची झाक ठिपक्या-ठिपक्यांनी, आतल्या बाजूला पाणी साचलं तिथे किंवा कागद चिकटून राहिला तिथे दिसते. अशी काच स्वच्छ करायला घासणी लावू नका. कागद काढून टाका आणि तिला वारा लागेल अशी उघड्यावर ठेवा.

सही असेल तर जास्तच सावध

कोरलेली सही दिसली की विक्रेत्याचा आवाज बदलतो. खरेदीदारानं मात्र त्याच क्षणी भिंग काढावं.

सही जुनी असेल तर बुडावरचे वापराचे ओरखडे सहीच्या अक्षरांवरून गेलेले दिसतात. सही नंतर कोरली असेल तर उलटं: अक्षराची रेघ जुन्या ओरखड्यांना कापत जाते आणि तिच्या कडा धारदार, पांढऱ्या, ताज्या असतात. टिफनी, लोट्झ, गॅले या नावांच्या बनावट सह्या जगभर इतक्या झाल्या आहेत की सही असलेली वस्तूच आधी संशयित धरावी. बोहेमियातल्या लोट्झ कारखान्याचा तर बराचसा खरा माल बिनसहीचाच आहे.

गॅलेचं उदाहरण बारकाईनं पाहण्यासारखं आहे. एमिल गॅले १९०४ साली वारला. त्यानंतर थोडी वर्षं त्याच्या कारखान्यानं सहीशेजारी छोटी चांदणी कोरली, त्यामुळे तो माल सहज ओळखता येतो. अलीकडे रोमानियात त्याच्या धर्तीचा माल होतो आणि त्यावर प्रामाणिकपणे ‘टिप गॅले’ म्हणजे गॅले-पद्धतीचा असं लिहिलेलं असतं. काही विक्रेते त्यातलं ‘टिप’ घासून काढतात. सहीच्या आधी काच किंचित खोलगट किंवा निस्तेज दिसली तर समजून जा.

चिठ्ठ्यांचंही तसंच. मुरानोच्या वस्तूंवर चंदेरी-सोनेरी चिठ्ठी असते, पण ती नखानं निघते आणि दुसरीकडे चिकटते. चिठ्ठीवरचा देश मात्र काळ सांगतो. ‘चेकोस्लोव्हाकिया’ लिहिलं असेल तर वस्तू १९१८ नंतरची आणि १९९२ पर्यंतची, कारण तो देश तेवढाच काळ अस्तित्वात होता. नुसतं ‘बोहेमिया’ लिहिलेलं असेल तर दोन्ही बाजूंना शक्यता उघड्या राहतात.

————————
चौकट: कोणत्या क्रमानं पाहावं

बूड: खळगी, खरबरीत व्रण की साच्याची रेघ? टेकणाऱ्या कड्यावर सगळ्या दिशांचे ओरखडे आहेत का?
काठ: आगीनं गोल झालेला की चाकावर घासलेला?
घनता: २.५च्या आसपास म्हणजे सोड्याची काच, २.९च्या पुढे म्हणजे शिशाची.
खुणा: साच्यातून उठलेली अक्षरं भरवशाची, कोरलेली सही भिंगाखाली तपासायची, चिठ्ठी सर्वांत कमी भरवशाची.
टॉर्च आणि उजेड: युरेनियम, निओडिमियम.
रंग आणि आकार: सगळ्यात शेवटी, आणि छापील कॅटलॉगशी मोजमापांसह ताडून.
————————

तीन टोकांच्या बाऊलचं उत्तर

हातानं घडवलेला, निळा-पिवळा-पारदर्शक असा थरांचा, सोड्याच्या काचेचा, घासलेल्या खळगीचा, बुडावर चांगली झीज असलेला, सही नसलेला. असा माल मोठ्या प्रमाणात दोन ठिकाणी झाला.

पहिलं ठिकाण व्हेनिसजवळचं मुरानो बेट. आगीच्या भीतीनं व्हेनिसच्या काचभट्ट्या १२९१ साली तिथे हलवल्या गेल्या आणि सोड्याच्या काचेची परंपरा तिथे तेव्हापासून चालू आहे. रंगीत काच दुसऱ्या काचेत बुडवून थर देण्याच्या तंत्राला तिथे सोम्मेर्सो म्हणजे ‘बुडवलेला’ म्हणतात. १९५०-६०च्या दशकांत असे जाड बाऊल मुरानोहून जगभर गेले. दुसरं ठिकाण चेकोस्लोव्हाकिया. तिथल्या ख्रिब्स्का गावच्या कारखान्यात योसेफ होस्पोद्का याच्या आराखड्यांवरून त्याच काळात ओढलेल्या टोकांचे, थरांचे बाऊल तयार झाले आणि स्क्लोएक्सपोर्ट या सरकारी कंपनीमार्फत बाहेर गेले. आज बाजारात ‘मुरानो’ म्हणून विकले जाणारे कितीतरी बाऊल प्रत्यक्षात तिथले आहेत.

या दोघांत निवड करायची तर एका फोटोशी मिळतंजुळतं दिसणं पुरत नाही. उंची, व्यास, टोकांची संख्या, रंगांचा क्रम, बुडाची घासणी, हे सगळं त्या कारखान्याच्या छापील कॅटलॉगातल्या वस्तूशी किंवा मूळ चिठ्ठी असलेल्या वस्तूशी जुळलं पाहिजे. रंगांचा क्रम विशेष बघावा: निळा आत आणि पिवळा बाहेर हे एक, पिवळा आत आणि निळा बाहेर हे दुसरं. यांतलं दोन-तीन बाबतींत जुळलं आणि एकात जुळलं नाही, तर ‘मुरानो किंवा चेक, अंदाजे १९५५ ते १९७५’ असं लिहून थांबावं. विकणाऱ्यानं यापुढे जाऊन एखाद्या नामवंत कलाकाराचं नाव सांगितलं तर त्याच्याकडे पुरावा मागावा.

घरच्या वस्तूंबाबत आणखी एक पुरावा हाताशी असतो आणि तो कुठल्याही परदेशी तज्ज्ञाकडे नसतो. बाऊल घरात कधी आला, लग्नात की कुणी बोटीवरच्या नोकरीवरून आणला, मुंबईच्या कुठल्या दुकानातून, त्या वेळी घरातलं कोण किती वर्षांचं होतं, हे सांगणारी माणसं अजून असतील तर त्यांना आत्ताच विचारून लिहून ठेवा. देशाचं नाव माणसं चुकीचं सांगतात, पण लग्नाचं साल क्वचितच चुकतं. ‘आत्याच्या लग्नात, १९६२’ एवढ्या एका नोंदीनं १९७०च्या दशकातल्या साऱ्या शक्यता बाद होतात. बुडाचा, कडेचा आणि वरून असे तीन फोटो, शेजारी मोजपट्टी, वजन आणि घनता, आणि ही नोंद, एवढं एकत्र असलं की कुठल्याही संग्रहालयाला किंवा अभ्यासकाला विचारताना बोलणं मुद्द्यावर येतं.

तपासात बाऊल शंभर वर्षांहून जुना निघाला, तर भारतीय कायद्याचा विचार करावा लागतो. १९७२च्या पुरावस्तू आणि कलासंपदा कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते आणि ती परस्पर देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या मुला-मुलींना आजीची काच द्यायची असेल आणि तिच्या वयाबद्दल शंका असेल, तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावा. त्यासाठी लागणारे फोटो आणि मोजमापं वरच्या नोंदीत तयार असतीलच.